मुक्ता : एका नावाची कुळकथा



वसंत व्याख्यानमालेत बोलावयास उभ्या राहिलेल्या माणसाकडून आपण मोठ्या विषयाची अपेक्षा करता. लोकशाही, शेती, विज्ञान, असे काहीतरी. मी मात्र मुलीचे एक साधे नाव घेऊन आपल्यापुढे आलो आहे. त्यातून नाव हा विषय आपल्या शहरात जपूनच काढावयाचा! खडकी या खेड्याच्या जागी १६१० साली मलिक अंबराने शहर वसविले, त्याच्या मुलाने त्याला फतेहनगर म्हटले, १६५३ साली ते औरंगाबाद झाले आणि २०२३ साली छत्रपती संभाजीनगर झाले. गावाच्या नावासाठी माणसे मोर्चे काढतात, न्यायालयाच्या पायऱ्या चढतात. घरातल्या लेकीचे नाव मात्र एका दुपारी, पंगत वाढण्याच्या गडबडीत बदलले जाते आणि कोणी ब्र काढीत नाही. पण ते पुढे येईल.

आमच्या शेजारी मध्यंतरी एक बारसे झाले. आत्याने बाळाच्या कानात ‘कुर्र’ केले, रिवाजाप्रमाणे तिच्या पाठीत धपाटे बसले आणि नाव बाहेर आले : मुक्ता. घुगऱ्या वाटता वाटता बाळाची आई म्हणाली, “मुक्ता म्हणजे मोती. किती गोड आहे ना!” पलीकडे आजोबा बसले होते. माळकरी माणूस. ते म्हणाले, “मोती कसला घेऊन बसलीस, सूनबाई? आपली मुक्ताई ती. मुक्त झालेली, म्हणून मुक्ता.” दोघांनीही मान वळवून माझ्याकडे पाहिले. मी त्या वेळी तोंडात घुगऱ्या असल्याचे निमित्त केले. आज ते उत्तर द्यावयाचे आहे.

कोश उघडला तर दोघांचेही खरे आहे. संस्कृतात ‘मुच्’ म्हणजे सोडणे. त्यापासून ‘मुक्त’, आणि स्त्रीलिंगी ‘मुक्ता’ म्हणजे सुटलेली, मोकळी झालेली. याच ‘मुक्ता’ शब्दाचा दुसरा अर्थ मोती. मुक्ताफळ, मौक्तिक हे त्याच घरातले शब्द आणि आपला ‘मोती’ हा त्या मौक्तिकाचाच प्राकृतातून घासूनपुसून आलेला वंशज. आता मोत्याला ‘सुटलेला’ का म्हणावे? जुने पंडित सांगतात, शिंपल्यातून सुटतो म्हणून. स्वाती नक्षत्राचा थेंब शिंपल्यात पडावा आणि त्याचे मोती होऊन बाहेर यावे, ही कविकल्पना आपल्या ओळखीची आहे.

परंतु काही भाषापंडितांना ही व्युत्पत्ती मागाहून जुळविलेली वाटते. तामिळात मोत्याला ‘मुत्तु’ म्हणतात, कानडीत ‘मुत्तु’, तेलुगूत ‘मुत्यमु’. मोती निघत दक्षिणेच्या समुद्रात, पांड्यांच्या मुलखात, मन्नारच्या आखातात. वस्तू जेथली, नावही बहुधा तेथलेच. तेव्हा द्राविडी ‘मुत्तु’ उत्तरेकडे आला आणि संस्कृताने त्याला आपल्या ‘मुच्’ धातूचे वस्त्र नेसवले, असे हे पंडित मानतात. मला हे मत पटण्यासारखे वाटते. म्हणजे मूळ दोन निराळे शब्द, आणि उच्चारसाम्यामुळे एकाच नावात येऊन राहिले.

या मोत्यांविषयी एक गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक व्यापाऱ्याने हिंदी महासागरातील व्यापाराचे एक टिपण लिहून ठेवले आहे. ‘पेरिप्लस’ म्हणून ते प्रसिद्ध आहे. त्यात आपले पैठण आहे. पैठणहून गोमेदासारखे मौल्यवान दगड भडोचच्या बंदराकडे गाड्यांतून जात, असे त्यात नमूद आहे. त्याच टिपणात दक्षिणेतील कोर्कईच्या मोत्यांचाही उल्लेख आहे, आणि ते मोती शिक्षा झालेल्या कैद्यांकडून काढविले जात, असे तो व्यापारी लिहितो. ज्या रत्नाचे नाव ‘मुक्त’, ते बंदिवानांनी श्वास कोंडून तळातून वर आणावयाचे! शब्दांना अशा गोष्टींची लाज वाटत नाही.

मोत्याचे नाव मुलीला देण्याची हौस काही आपलीच नव्हे. फारसीत मोत्याला ‘मुरवारीद’ म्हणतात; आपल्या शहरात उर्दू जाणणारी वडीलधारी मंडळी आहेत, त्यांना हा शब्द परका नाही. ग्रीकांचा ‘मार्गारितेस’ हा मोतीवाचक शब्द अशाच कोणा इराणी शब्दावरून गेला असावा असे मानतात. त्याचे लॅटिनात ‘मार्गारिता’ झाले, इंग्रजीत मार्गारेट झाले, आणि ब्रिटनच्या पश्चिमेला वेल्स म्हणून जो डोंगराळ प्रदेश आहे तेथे त्याचे ‘मारगेड’ झाले. मारगेडचे लाडके रूप मेगन. आपण यमुनेची यमू करतो, तसे. हे मेगन नाव वेल्सबाहेर पुष्कळांच्या कानी पडले ते पहिल्या महायुद्धातील ब्रिटिश पंतप्रधान लॉइड जॉर्ज यांच्या मुलीमुळे. मेगन लॉइड जॉर्ज १९०२ साली जन्मली आणि १९२९ साली पार्लमेंटात निवडून गेली. वेल्समधून निवडून आलेली ती पहिली स्त्री. पुढे विसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंड-अमेरिकेत या नावाची अशी लाट आली की शाळेच्या एकेका वर्गात दोन-दोन मेगन निघू लागल्या. त्यांतल्या कितीजणींना आपण मोती आहोत हे ठाऊक असेल, कोण जाणे. आपल्या मुक्तेची ती अर्थाने बहीण लागते. पण एक फरक आहे. मेगन नुसती मोतीच आहे. मुक्तेपुढे दोन अर्थांचे ताट मांडलेले आहे, आणि कोणता उचलावयाचा हे ते नाव धारण करणारीने ठरवावयाचे आहे. आता त्या मुक्ता नावाच्या बायांनी काय केले, ते पाहू.

पहिली मला भेटते ती पाली वाङ्मयात. ‘थेरीगाथा’ हा भगवान बुद्धांच्या संघातील भिक्षुणींच्या गाथांचा संग्रह. त्यात ‘मुत्ता’ नावाची थेरी आहे. मुत्ता म्हणजेच मुक्ता. पालीतही त्याचा अर्थ मोती आणि सुटलेली असा दुहेरीच. नावाचा आधार घेऊन ही बाई सांगते की आपण तीन वाकड्या गोष्टींतून सुटलो. त्या तीन कोणत्या? उखळ, मुसळ आणि आपला नवरा. (हशा) आपण हसलात; पण ती विनोद करीत नाही. त्या सुटकेपासून जन्ममरणाच्या सुटकेपर्यंत ती एका दमात जाते. मोक्षाची वाट स्वयंपाकघरातून सुरू होते, हे सांगावयास मोठा ग्रंथ लागला नाही.

दुसरी कर्नाटकातली. बाराव्या शतकात बसवेश्वरांच्या काळी मुक्तायक्का नावाची शरण स्त्री होऊन गेली. अजगण्ण हा तिचा भाऊ. भावाच्या मृत्यूनंतर तिने केलेला शोक आणि अल्लमप्रभूंशी केलेला वाद तिच्या वचनांत आहे. ज्या बहिणीने भावाला गुरूच्या जागी मानले तिला रडू नकोस म्हणणे सोपे, पण अल्लमप्रभूंसारख्यालाही तिच्या प्रश्नांशी झगडावे लागले.

आणि तिसरी आपली. येथून पन्नासएक किलोमीटरवर पैठण, आणि पैठणजवळ गोदेच्या काठी आपेगाव. ते कुलकर्ण्यांचे, म्हणजे विठ्ठलपंतांचे मूळ गाव. संन्यास घेऊन पुन्हा संसारात आलेल्या या माणसाची चार मुले : निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ता. ही नावे ओळीने म्हणून पाहा. आधी निवृत्ती, मग ज्ञान, मग सोपान म्हणजे जिना, आणि शेवटी मुक्ता. बापाने मुलांची नावे ठेवली की चढावयाची वाट आखून दिली? वारकरी परंपरेने हा अर्थ फार पूर्वी ओळखला आहे. मोत्याला या ओळीत कोठेच जागा नाही. तेव्हा बारशातल्या त्या आजोबांचे निदान आपेगावपुरते तरी शंभर टक्के खरे.

पण नाव मुक्ता आणि जन्म कसला? संन्याशाची पोर म्हणून वाळीत टाकलेली. आईबापांनी देहान्त प्रायश्चित्त घेतले तेव्हा ती अगदी लहान होती. भावंडांसह ती शुद्धिपत्र मागावयास पैठणला आली. तेथील कथा आपण सर्वांनी लहानपणी ऐकली आहे : रेड्याच्या मुखाने वेद बोलविल्याची. मला त्या कथेत नेहमी रेड्यापलीकडे उभी असलेली ती लहानगी दिसते. रेड्याला वेद म्हणता आले, धर्मपीठाने बोटे तोंडात घातली, पण तिला कोणी विचारले नाही की बाळ, तुला काय येते? मांडे भाजावयास खापर मिळू नये म्हणून विसोबाने कुंभारांना ताकीद दिली, तीही तिच्याच वाट्याची कथा.

तिला काय येत होते ते पुढे कळले. लोकांच्या बोलण्याने जिवास लागून ज्ञानदेव झोपडीची ताटी लावून बसले, तेव्हा बाहेर उभी राहून त्यांची समजूत घालणारी हीच. ते ताटीचे अभंग आज घरोघर म्हटले जातात. ज्याने शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, नेवाशात ज्ञानेश्वरी सांगितली त्याला धाकटी बहीण सांगते की साधूने कसे वागावे. तीही अधिकारवाणीने, आणि मायेनेही. गोरोबाकाकांकडून संतांची डोकी थापटण्याने थापटवून पाहिली, आणि नामदेवांसारख्या भक्ताचे मडके कच्चे ठरले, त्या प्रसंगातही तिची जीभ पुढे होती. चौदाशे वर्षे जगलेल्या चांगदेवाने कोरे पत्र पाठविले तेव्हा, इतकी वर्षे जगून हा कोराच राहिला, असे ती हसून म्हणाल्याचे सांगतात. आणि त्याच चांगदेवाने तिला गुरू केले. आख्यायिकेतील वर्षे मोजू नयेत. मोजावयाचे ते हे, की लोकांनी हे बोलणे एका पोरीच्या तोंडी घातले आणि सातशे वर्षे ते जतन केले.

आपल्या भाषेत एक वाक्प्रचार आहे : मुक्ताफळे उधळणे. कोणी भलतेसलते बोलले की आपण म्हणतो, काय मुक्ताफळे उधळतोय पाहा. मुलगी चार वाक्ये अधिक बोलली की तिच्या वाट्याला हा शब्द हमखास येतो. मुक्ताबाईच्या तोंडची मुक्ताफळे मात्र कोणी उधळणे म्हटली नाहीत. ती वहीत उतरवून घेतली.

१२९७ साली, वैशाखाच्या वद्य पक्षात, तापीच्या काठी वीज कडाडली आणि ती दिसेनाशी झाली अशी श्रद्धा आहे. वय अवघे अठराच्या आसपास. जळगाव जिल्ह्यातील एदलाबाद येथे तिचे स्थान आहे, म्हणून त्या गावाचे नाव आता मुक्ताईनगर आहे. तालुक्याच्या गावाला एखाद्या स्त्रीचे नाव असावे, आणि ती राणी नसावी, हे आपल्याकडे विरळाच. याच एदलाबाद मतदारसंघातून प्रतिभाताई पाटील अनेकदा विधानसभेवर गेल्या आणि २००७ साली देशाच्या पहिल्या स्त्री राष्ट्रपती झाल्या. ज्येष्ठात तेथून निघणारी मुक्ताईची पालखी बुलढाण्यावरून जालना, बीड असा आपला मराठवाडा तुडवीत पंढरीला जाते. सर्वांत लांबून येणाऱ्या पालख्यांत तिची गणना होते. अठरा वर्षांच्या मुलीला सारा मुलूख ‘आई’ म्हणतो. मुक्ताची मुक्ताबाई झाली, मुक्ताबाईची मुक्ताई.

हे नाव खेडोपाडी पसरले ते या पालखीच्या वाटेने, कीर्तनाच्या फडातून. ते एका जातीचे राहिले नाही, ही त्याची मोठी गोष्ट. त्याचा पुरावा पुण्यात आहे. जोतिराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत मांग समाजातील एक मुलगी शिकत होती. वय चौदाच्या आसपास. नाव मुक्ता साळवे. १८५५ साली तिचा निबंध ‘ज्ञानोदय’ पत्रात दोन भागांत छापून आला. विषय मांग-महारांचे दुःख. त्यात ही मुलगी विचारते की वेद जर एकट्या ब्राह्मणांचे, तर आमचा ग्रंथ कोणता आणि आमचा धर्म कोणता? वाड्यांच्या पायांत शेंदूर पाजून पुरल्या गेलेल्या आपल्या माणसांची हकीकतही ती सांगते.

पैठणच्या त्या गोष्टीला साडेपाचशेहून अधिक वर्षे लोटली होती. एका मुक्तेपुढे वेद रेड्याने म्हटले. दुसऱ्या मुक्तेने लिहून दिले की ते आम्हाला वाचू देत नाहीत. तिच्या आईबापांनी नाव ठेवताना मनात मोती धरला होता की मुक्ताई, हे सांगणारा कागद नाही. पण निबंध वाचल्यावर तिने कोणता अर्थ उचलला याविषयी मला शंका उरत नाही.

मग हे नाव मागे का पडले? मला वाटते, ‘बाई’मुळे. शहरात शिकलेल्या घरांत मुलींची नावे नलिनी, कुमुद, सुधा अशी होऊ लागली तेव्हा मुक्ताबाई, गयाबाई, सखूबाई ही नावे धुण्याभांड्याला येणाऱ्या बायांची वाटू लागली. यात नावाचा दोष नव्हता, आपल्या नजरेचा होता. शेतावर खुरपायला जाणाऱ्या मुक्ताबाई होत्याच. फक्त त्या पत्रिकेत छापल्या जात नव्हत्या. नंतर १९७५ साल आले. आंतरराष्ट्रीय महिला वर्ष. त्या वर्षी पुण्यात स्त्रीमुक्ती संघर्ष परिषद भरली, मुंबईत स्त्री मुक्ती संघटना निघाली, आणि जो ‘मुक्ती’ शब्द आजवर काशीला किंवा पंढरीला जाऊन मिळावयाचा तो मोर्चाच्या फलकावर चढला. त्यानंतर सुशिक्षित घरांत पुन्हा मुक्ता जन्मू लागल्या. ‘बाई’ गळून पडली होती. १९९४ साली जब्बार पटेलांनी आपल्या चित्रपटाचे नावच ‘मुक्ता’ ठेवले. आज रंगभूमीवर मुक्ता बर्वे आहेत. पुण्याच्या महापौरपदी २०१७ साली मुक्ता टिळक बसल्या होत्या. म्हणजे वारीतून खेड्यात गेलेले नाव मोर्चातून शहरात आले.

आता ज्यासाठी हा विषय घेतला ते सांगतो. माझ्या आजीला आम्ही आणि सारा गाव लक्ष्मीबाई म्हणून ओळखत होतो. ती गेल्यावर माळ्यावरची भांडी काढली. त्यांत पितळेचे एक तपेले निघाले. काठावर बारीक टाक्याने कोरलेले होते, ‘चि. मुक्ता हिस’. मी विचारले, ही मुक्ता कोण? आत्या म्हणाली, “अरे, तुझी आजी. माहेरचे नाव तिचे.” मी तेव्हा चाळिशीत होतो. पंधरा-वीस वर्षे जिच्या हातचे जेवलो तिचे नाव मला भांड्यावरून कळले.

रीत आपण सर्वांनी पाहिली आहे. लग्नानंतर ताटात तांदूळ पसरतात, नवरा अंगठीने त्यात नवीन नाव लिहितो, पेढे वाटतात. हौसेचा प्रसंग आहे. मी त्याची थट्टा करीत नाही. पण त्या तांदळाखाली किती नावे गेली ती मोजून पाहा. आनंदीबाई जोशी, आपल्या पहिल्या डॉक्टर, त्या माहेरच्या यमुना. रमाबाई रानडे, त्याही यमुना. ‘स्मृतिचित्रे’ लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळक माहेरी मनकर्णिका, झाशीची राणी तीही मनकर्णिका. कर्व्यांच्या बाया म्हणजे गोदूबाई; पुनर्विवाह होताच आनंदी झाल्या. ज्यांनी पुनर्विवाहासाठी बहिष्कार सोसला त्यांच्याही घरात नाव बदलण्याची रीत राहिली. चरित्रे लिहिली गेली म्हणून ही नावे आपल्याला ठाऊक. बाकीच्यांची भांडी मोडीत गेली.

आणि काहींच्या वाट्याला तर टिकवावेसे नावच आले नाही. सातारा जिल्ह्यात २०११ साली अडीचशेहून अधिक मुलींचे नाव सरकारी पुढाकाराने बदलण्यात आले, कारण त्यांची नावे ‘नकुसा’, ‘नकोशी’ अशी होती. तो नावबदल मात्र मला टाळ्या वाजवून साजरा करावासा वाटतो. बदल वाईट की चांगला हे कोण बदलतो आणि कोणाला विचारून, यावर आहे. त्या मुलींनी आपली नावे बहुतांशी स्वतः निवडली.

तेव्हा बारशातल्या वादाचा निवाडा असा. सूनबाई, तुमचा मोती खरा आहे. तामिळ कोळ्यांपासून वेल्सच्या मेगनपर्यंत त्याचे गणगोत आहे. पण थेरी मुत्ता, मुक्तायक्का, मुक्ताई आणि मुक्ता साळवे यांपैकी जिने जिने तोंड उघडले तिने आजोबांचा अर्थ घेतला. मी आजोबांच्या बाजूने मत देतो.

एक गोष्ट राहिली. महाराष्ट्र शासनाने २०२४ साली निर्णय केला की १ मे २०२४ पासून जन्मणाऱ्या मुलांच्या नावात आधी मुलाचे नाव, मग आईचे, मग वडिलांचे आणि शेवटी आडनाव लिहावयाचे. शेजारच्या त्या बाळाचा जन्मदाखला काढावयास तिचे वडील गेले, तेव्हा अर्जात आईचे नाव काय लिहावे यावर ते अडले. घरी तिला एक नाव आहे, तांदळातले. तिच्या शाळेच्या दाखल्यावर दुसरे आहे, जे तिच्या आत्याने कानात सांगितले होते. त्यांनी तेथूनच घरी फोन लावला आणि विचारले, “तुझे कोणते लिहू?”